कोऱ्या कागदावरची सही

९ ऑगस्ट

सुगरणबाईंना ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शंभर माणसांचं जेवण रांधून वर चार पानं लिहितेस, तुझ्या चिकाटीला हात जोडले. मी दिवसभर दुकानात बसून लोकांच्या चष्म्याच्या काचा घासते आणि संध्याकाळी माझ्याच डोळ्यांपुढे धुकं येतं, म्हणून माझं पत्र नेहमी पोस्टकार्डाएवढं असतं. आज मोठं होणार आहे. आधी चूल बंद कर आणि बसून वाच.

खारूचा डावा कान पुन्हा वाहायला लागला. या खेपेला थेंब घालून भागलं नाही. डॉक्टर म्हणाले, कानामागचं हाड किडायला लागलंय, ऑपरेशन करून साफ करावं लागेल आणि फार लांबवण्यासारखं नाही. तुझी लेक मात्र मजेत आहे. नऊ वर्षांची घोडी झाली तरी गालात गोळी लपवून "गिळली" म्हणते. उगाच नाही आपण तिला खार म्हणत.

आता खरी भानगड ऐक. दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आई का तुम्ही?" म्हटलं, आत्या. "आई कुठाय?" बोगद्याच्या कामावर, डोंगरात. "वडील?" म्हटलं, देव जाणे. मग मी आपला नेहमीचा हुकमाचा पत्ता काढला. तू जाताना ज्या कोऱ्या कागदांवर खाली सह्या करून ठेवल्या होत्यास, त्यातल्या एकावर मी घरूनच लिहून नेलं होतं, "माझ्या मुलीच्या ऑपरेशनला माझी संमती आहे." त्याने कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "बाई, सही इथे आमच्यासमोर करायची असते. आईने, नाहीतर वडिलांनी. आत्याचं काय चालतं?"

पाच वर्षं त्या सह्यांवर खारूची शाळा झाली, सहली झाल्या, लस झाली, वाचनालयाचं कार्ड झालं. वर मजकूर माझा, खाली सही तुझी. कोणी कधी विचारलं नाही, कारण कोणाचं काही अडत नव्हतं. तो कागद फुकट गेला. आता गठ्ठ्यातला एकच उरलाय.

तुला येता येईल का? मला ठाऊक आहे विचारणं सोपं आहे. तरी विचारते. मी दमले आहे गं, आणि दमलेल्या माणसाला सोपेच प्रश्न सुचतात.

तुझी,
ताई

ता. क. तुझा नवरा शहरात दिसला म्हणे, कोणीतरी सांगत होतं. मी लक्ष दिलं नाही.

१७ ऑगस्ट

ताईंना नमस्कार.

गाडी काल आली, भाजीच्या पोत्यांत तुमचं पत्र होतं. वाचलं आणि कांदे तसेच टाकून बाहेर जाऊन बसले. मुकादम विचारायला आला, काय झालं. म्हटलं, कांदा लागला.

मी साहेबांना विचारलं. ते वाईट नाहीत. म्हणाले, "जा, पण तुझ्या जागी बाई आली तर तिला मी काढणार नाही." थंडीत काम बंद होतं तेव्हा सगळ्यांनाच सुट्टी असते, तोवर कोणी हलत नाही. गेल्या दोन्ही थंडीत जास्तीच्या पैशांसाठी मी इथे राखणीला थांबले, या थंडीत नाही थांबणार. इथला फोन साहेबांच्या केबिनमध्ये, आणि दारात कान टवकारून दहा जण, म्हणून केला नाही. तुम्ही डॉक्टरांना नीट समजावून सांगा ना. तुमच्या तोंडापुढे कोणाचं काय चालतं?

मला एक कळत नाही. मी आई आहे, हे तर त्या खिडकीवाल्यालाही मान्य आहे. मग माझी सही माझ्यापाठीमागे का चालत नाही? त्या कागदांवर सह्या केल्या तो दिवस मला आठवतोय. खारू माझ्या मांडीवर होती, सारखा पेन ओढत होती. तुम्ही म्हणालात, "अजून कर, अजून कर, मुलीला मोठं व्हायचंय." तुमच्या भावाने घर सोडून वर्षही झालं नव्हतं, आणि मी पोटासाठी तिलाही सोडून निघाले होते. कागद भरून ठेवले म्हणजे मी तिथेच आहे, असं काहीतरी डोक्यात होतं.

ऑपरेशनला घाबरेल ती. तिला सांगा, आई थंडीत येणार आहे. लहानपणी झोपवताना मी तिच्या डाव्या कानात रोज काहीबाही पुटपुटायचे, तोच हा कान. आल्यावर मागून हळूच येऊन त्याच कानात हाक मारणार आहे. तोवर बरा करून ठेवा म्हणावं.

आणि "तुझा नवरा" काय? तो आधी तुमचा भाऊ होता, माझा नंतर झाला.

तुमची,
सुगरण

२९ ऑगस्ट

चि. सुगरण हिला आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. नीट झालं. डोक्याला मोठी पट्टी आहे, खायला मागते, चिडचिड करते, म्हणजे बरीच आहे. दवाखान्यात तीन रात्री बाकावर काढल्या, कंबर माझी राहिलेली नाही. सहीचं जमलं कसं तरी. तू त्याचा विचार करू नकोस, कामाकडे लक्ष दे. बाकी सविस्तर नंतर.

ताई

(याच पाकिटात, वहीच्या फाटक्या पानावर)

आई, मी हे आत्याच्या पत्राच्या आत लपवलं आहे. पाकीट मीच चिकटवलं. मला अजून त्या कानाने नीट ऐकू येत नाही पण येणार आहे. बाबा आले होते. त्यांनीच सही केली. त्यांनी मला रंगपेटी आणली. ते म्हणाले त्यांचं आता स्वतःचं दुकान आहे आणि तीन खोल्यांचं घर आहे आणि एक खोली माझी. आत्या तेव्हा औषधाच्या गोळ्या मोजत बसली. तू येणार आहेस ना? खारू.

५ सप्टेंबर

वन्सं,

खारूने तुमच्यापेक्षा जास्त लिहिलंय. तुम्ही तिला शिकवलेलं दिसत नाही की आईपासून काय लपवायचं.

"सहीचं जमलं कसं तरी." कसं तरी? पाच वर्षांत ज्याने पोरीचा वाढदिवस विचारला नाही, त्याला बोलावून तुम्ही पालक म्हणून उभं केलंत. आणि मला लिहिता, कामाकडे लक्ष दे. मी इथे धुरात डोळे घालवतेय ते कोणासाठी? मला एक तार केली असतीत तर मी पायी आले असते. येऊ शकले नसते, ते मला कळतं, पण विचारायला तर हवं होतं.

शेवटी रक्त ते रक्त. तो तुमचा भाऊ आणि खारू तुमच्या घरची. मी बाहेरून आले आणि बाहेर गेले. तुम्ही दोघं मिळून आता काय ते ठरवलंच असेल. तीन खोल्यांचं घर आहे, चांगलंच आहे.

माझ्या सहीचा जो कागद उरला आहे तो मला परत पाठवा. माझी सही माझ्याजवळ राहू दे.

खारूची आई

१३ सप्टेंबर

सुगरण,

पत्राच्या सुरुवातीलाच "वन्सं" वाचलं आणि कळलं की आता खैर नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तू मला वन्सं म्हणायचीस, तेव्हा मी किती हसले होते. या वेळी हसू आलं नाही. तू लिहिलंस त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणून सगळं सांगते.

तुझं ऑगस्टमधलं पत्र यायच्या आदल्या दिवशी खारूला ताप भरला. कानामागे लिंबाएवढी सूज. डॉक्टर म्हणाले, आता हे मेंदूकडे सरकू शकतं. खिडकीवरचा तोच माणूस, तोच प्रश्न. मी ओरडले, रडले, शेवटी पाया पडायची तयारी केली. तो म्हणाला, "बाई, उद्या काही झालं तर मला कोण वाचवेल?" त्याचंही खोटं नाही. मग मी बाजारात गेले, तुझा नवरा दिसला म्हणत होते तिथे. फ्रिज दुरुस्तीचं दुकान काढलंय. मला बघून हातातला पाना खाली पडला. मी फक्त म्हटलं, "पोर आजारी आहे, चल." तसाच निघाला, हातही धुतले नाहीत. सही केली आणि तिच्या खाटेशी बसून रडला. मला वाटलं, चला, एवढ्यावर भागलं.

नाही भागलं. आठवड्यात कोर्टाचा कागद आला. त्याने अर्ज केलाय की मुलीचा ताबा आपल्याला मिळावा. आई परगावी, मुलगी तिऱ्हाइताकडे. तो तिऱ्हाईत म्हणजे मी. ऑपरेशनच्या वेळी पालक म्हणून आपणच उभे होतो, हा त्याचा पुरावा. मीच त्याला हाताला धरून नेलं होतं तो पुरावा द्यायला.

आमच्या दुकानात एक वकीलीणबाई येतात, चष्म्यावर सारख्या बसतात आणि दांडी मोडून आणतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कायद्यात तुम्ही मुलीच्या कोणीच नाही. वाढवलंत, ते चांगलं केलंत, पण वाढवणं म्हणजे हक्क नव्हे. मार्ग दोनच. एक, आईने परत येऊन मुलीसोबत राहायचं. दुसरा, आईने लिहून द्यायचं की मी मुलीला सांभाळू शकत नाही, तिच्या आत्याला पालक नेमावं. मग कोर्ट वडील आणि आत्या या दोघांत बघेल. तारीख वीस ऑक्टोबर आहे.

आता ऐक, हे वकीलीणबाईंना सांगितलेलं नाही. तुझ्या सहीचा तो शेवटचा कागद मी दुपारच्या सुट्टीत दुकानात नेला. काचा घासायचं चाक बंद होतं, कोणी नव्हतं. चार ओळींचं काम. अक्षर माझंच असतं, नेहमी असतं तसं. मी पेनाचं टोपण काढलं. "मी खाली सही करणारी" एवढं डोक्यात जुळवलं. आणि हात चालेना. मी काही थोर नाही. मला ती पोर हवी आहे, तुझ्याइतकीच हवी आहे, हे आज पहिल्यांदा लिहितेय. सहलीला जायची परवानगी मी तुझ्या नावाने शंभरदा दिली असती. पण तू तिची आई नाहीस असं तुझ्या नावाने मला लिहिता येईना.

कागद सोबत पाठवते. तू मागितलास, तुझा आहे. त्यावर काय लिहायचं, की काहीच नाही, ते तू बघ.

ताई

१ ऑक्टोबर

सुगरण,

तुझं पत्र नाही. गाडी दोनदा येऊन गेली असेल. रागावली असशील तर रागाचं तरी पाठव, वाचायला काहीतरी हवं.

काल तो दुकानात आला होता. तुझा नवरा म्हणत नाही आता, माझा भाऊ आला होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी सोळाची. तो समोर स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ताई, तू मला वाढवलंस तेव्हा कोर्टाचा कागद लागला नव्हता. आता मी माझ्या मुलीला वाढवायचं म्हणतो तर तू कोर्टात उभी राहणार?" मी काच घासत बसले. तो खोटं बोलत नाहीये गं, हीच पंचाईत आहे. खोटारडा असता तर मला झोप लागली असती. त्याला खरंच वाटतं की खोलीला रंग दिला की बाप होता येतं.

खारू तेवढ्यात शाळेतून आली. तो उठून तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि काहीतरी प्रेमाने बोलला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तो दोनदा बोलला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच शिकवलंयस ना तिला माझ्याशी बोलायचं नाही म्हणून?"

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. त्या कानाला आताही जेमतेम ऐकू येतं, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, कदाचित थोडं कमीच राहील. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालंय. दोन वर्षं झाली, घरात सगळे तिच्या उजवीकडेच उभे राहतो. शेजारीण, शाळेतल्या बाई, दूध घालणारा, सगळे. जेवताना मी उजवीकडे, रस्त्याने चालताना मी उजवीकडे, मग गाड्या माझ्या अंगावरून जाईनात का. कोणी ठरवून केलं नाही. अंगवळणी पडलं.

तारीख जवळ येतेय. तू काहीच कळवलं नाहीस तर मी जाईन आणि खरं तेच सांगेन, की मी कोणी नाही आणि पाच वर्षं मुलगी माझ्याकडे आहे. बघू, कोर्टाला त्यातलं कोणतं ऐकू येतं.

ताई

९ ऑक्टोबर

ताई,

आधीच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसले की शिव्याच सुचत होत्या. कधी तुम्हाला, कधी तुमच्या भावाला, बहुतेक स्वतःला. दोन पत्रं लिहून चुलीत घातली. त्या दिवशीचा चहा चांगला झाला म्हणाले लोक.

मी परत यायचं पुष्कळ मनात घोळवून पाहिलं. येईन, पण करीन काय? तिथे मला काम मिळालं असतं तर मी निघालेच नसते. चार महिने तुमच्या जिवावर बसेन आणि मग पुन्हा कुठल्यातरी गाडीत चढेन. कोर्टाला ते चालेल. खारूला दुसऱ्यांदा चालणार नाही.

मग वाटलं, लिहून काही द्यायचं नाही. आई आहे मी, देत नाही लिहून, काय करायचं ते करा. वाटलं, ताईंनी तो कागद परत पाठवला तो मला लाजवायलाच. तीन आठवडे तो पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. रोज डबा उचलायचे आणि परत ठेवायचे.

काल तुमचं दुसरं पत्र आलं. तुमच्या भावाला नावं ठेवायला मी तोंड उघडलं होतं, की एवढंही कळत नाही याला, कोणत्या बाजूला उभं राहायचं. आणि ताई, मग मला आठवलं मी काय लिहिलं होतं ते. मागून येऊन डाव्या कानात हाक मारणार. कान बिघडलाय हे मला पत्रातून ठाऊक होतं. पण बिघडला म्हणजे माणसाने कुठे उभं राहायचं, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरज पडावी इतकी मी लांब आहे. पाच वर्षं मी रोज झोपताना मनातल्या मनात तिच्याशी बोलतेय, आणि डाव्या कानात बोलतेय. दूधवाल्याला जे माहीत आहे ते मला माहीत नाही.

सोबत कागद आहे. त्यावर लिहिलंय की मी आई आहे, माझं माझ्या मुलीवर प्रेम आहे, मी तिला रोजचं सांभाळू शकत नाही, आणि तिची आत्या ते करते आहे, तर तिलाच पालक नेमावं. साध्या भाषेत लिहिलंय. अक्षर माझं आहे, या वेळी तुमचं नाही. साहेबांना वाचून दाखवलं, म्हणाले ठीक आहे. सही पुन्हा केली नाही, ती खाली होतीच. मला वाटतं सही मी तेव्हाच केली होती, वरचं लिहायला एवढी वर्षं लागली.

लिहून झाल्यावर खूप रडले. आज भाजी खारट झाली. आता मात्र थकवा आलाय नुसता, राग संपला. तुमच्यावरचा तर केव्हाच.

तिला हे तुम्ही सांगू नका. थंडीत आले की मी सांगेन. उजवीकडून.

तुमची,
सुगरण

२३ ऑक्टोबर

सुगरणबाई,

झालं एकदाचं. अजून कान घणघणताहेत, आता माझे.

तुझा कागद म्हणजे आपल्या दोघींच्या अकलेचं प्रदर्शन होतं. वकीलीणबाईंनी तो हातात घेतला आणि आधी चष्मा काढला, मग पुसला, मग पुन्हा घातला. म्हणाल्या, "मजकुराची शाई काळी आणि ताजी, सहीची निळी आणि फिकी. ही सही कधीची?" मी सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "बाई, समोरचा वकील म्हणेल की कोऱ्या कागदावर सही घेऊन वर तुम्ही लिहिलंत." मी म्हटलं, अक्षर तिचं आहे. त्या म्हणाल्या, "ते ओळखणारं कोण आहे? तुम्ही! तिची पत्रं दाखवाल तर तीही तुम्हीच लिहिलीत म्हणतील." पुन्हा मागवायला दिवस नव्हते.

आणि तसंच झालं. माझ्या भावाला आपल्या सह्यांच्या गठ्ठ्याची हकिकत ठाऊक होती. खारूनेच कौतुकाने सांगितली होती. त्याचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, ही बाई पाच वर्षं हेच करत आली आहे, वर स्वतः लिहायचं, खाली भावजयीची सही. हाही त्यातलाच कागद. खरं सांगते, तो म्हणत होता तसं मी करणारच होते, टोपण काढेपर्यंत गेलेच होते. न केलेल्या गोष्टीसाठी मी चोरासारखी उभी.

न्यायाधीशांनी कागद दोनदा वाचला. वकिलांना थांबवलं आणि थेट माझ्या भावाला विचारलं, "तुम्ही या बाईंसोबत संसार केलाय. हे अक्षर त्यांचं आहे का?"

त्याच्या हातात कागद दिला. तो वाचत राहिला. तू काय लिहिलंयस ते मला पाठ आहे, इतकं वाचायला वेळ लागत नाही. त्याने नुसतं "सांगता येत नाही" म्हटलं असतं, तरी पोर त्याची झाली असती. वकील त्याच्याकडे बघत होता. मी बघितलं नाही, मी जमिनीकडे बघत होते. मग तो म्हणाला, "हो. तिचंच आहे." आणि थोड्या वेळाने, कोणी विचारलं नसताना, "ती असंच लिहिते. वेलांट्या अशाच देते."

मी त्याला लहानपणी खूप गोष्टी शिकवल्या, बऱ्याच फुकट गेल्या. एक नव्हती गेली.

न्यायाधीश खारूशी आत खोलीत बोलले. ती बाहेर येऊन म्हणाली, "आजोबांसारखे आहेत, पण चुकीच्या बाजूला बसले होते, मी खुर्ची बदलायला सांगितली." पालक मला नेमलंय, ती सज्ञान होईपर्यंत. वडिलांना एकाआड एक रविवार. तुला वाटेल तेव्हा. बाहेर पायऱ्यांवर मी माझ्या भावाला पहिल्यांदा ते सांगितलं, उजवीकडचं. तो खारूच्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला गेला आणि तिचं दप्तर घेतलं. तिने दिलं.

काल शाळेच्या कागदावर मी पहिल्यांदा स्वतःची सही केली. पालक, आणि पुढे मी. खारू वाकून बघत होती. म्हणाली, "आत्या, तुझी सही आईइतकी छान नाही." नाहीच आहे. सवय नाही. इतकी वर्षं मी वरच लिहीत आले, खालची जागा तुझी होती. या जागेसाठी मी कोर्टाची पायरी चढले, आणि मिळाल्यावर ती मला रिकामीच दिसली.

वकीलीणबाई म्हणाल्या, आता तू आलीस आणि खारूला कुठे घेऊन जायचं म्हणालीस, अगदी दोन दिवस डोंगरात तुझ्या बोगद्यावर, तरी कायद्याने माझी परवानगी लागेल, लेखी. आईला मुलीला न्यायला आत्याचा कागद. मी रात्रभर त्या विचाराने नुसती तळमळत होते, सकाळी उठले आणि काम सुरू केलं.

सोबत एक गठ्ठा आहे. कोरे कागद आहेत, प्रत्येकाच्या खाली माझी सही आहे. शेवटी शेवटी हात दुखायला लागला, म्हणून थोड्या वाकड्या आल्यात. वर काय लिहायचं ते तू लिही, तुझ्या अक्षरात, मला विचारायची गरज नाही. संपले की कळव, अजून करून पाठवते.

वकीलीणबाईंना यातलं काही बोलू नकोस. त्यांनी परवाच चष्मा दुरुस्त करून नेलाय.

थंडीत लवकर ये.

तुझी,
ताई